बार्बेक्यूला उकळी नसते

उन्हाळा आला की आपल्या परसातले ग्रिल बाहेर निघतात. इथे अमेरिकेत तर मेमोरियल डेपासून लेबर डेपर्यंत शनिवार-रविवार क्वचितच मोकळा जातो. जाळीच्या एका बाजूला कणसं आणि पनीर, दुसऱ्या बाजूला बर्गर आणि रिब्ज, आणि हातात चिमटा घेतलेले यजमान, हे दृश्य तुमच्या ओळखीचं असेल. त्यांना "झालं का?" असं विचारलं की ते उलथण्याने एक बर्गर मधोमध फोडतात, आत डोकावतात आणि सांगतात, "झालं, आत गुलाबी नाही."

माझं म्हणणं असं, की हा निकाल चुकीच्या पुराव्यावर दिलेला असतो. ज्या घरात जाळीवर मांस भाजलं जातं त्या घरात मांसाचा थर्मामीटर असायलाच हवा, आणि तो ड्रॉवरमध्ये न राहता दर वेळी वापरला जायला हवा.

तुम्ही म्हणाल, आपल्या आया-आज्यांनी कुठे थर्मामीटर वापरला होता? त्यांच्या हाताच्या अंदाजाने कधी कुणाचं पोट बिघडलं का? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या रश्श्यातच आहे. पातेल्यात रस्सा रटरटत असतो तेव्हा त्याचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. आच कितीही वाढवली तरी ते फारसं वर जात नाही, वाफ तेवढी जास्त होते. समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवरच्या डेन्व्हरमध्ये पाणी ९५ अंशांना उकळतं, पण तेवढंही पुरेसं आहे. प्रेशर कुकरमध्ये तर तापमान १२० अंशांपर्यंत पोचतं. म्हणजे आजीकडे थर्मामीटर होता, त्याचं नाव उकळी. त्या उकळीत मटणाचे तुकडे तास-दीड तास राहिले, की कच्चेपणाचा प्रश्नच उरत नाही. अंदाज लागायचा तो मिठाचा, तिखटाचा आणि मटण मऊ झाल्याचा. सुरक्षिततेची जबाबदारी पाणी उचलत होतं.

जाळीवर असा कुठलाही ठरलेला आकडा नाही. निखारे कित्येक शे अंशांवर असतात आणि मांसाच्या आतून उष्णता अगदी सावकाश सरकते. टिक्कीची जाडी दुप्पट केली, तर मध्यापर्यंत उष्णता पोचायला जवळजवळ चौपट वेळ लागतो. फ्रीझरमधून काढलेल्या टिक्कीची गोष्ट आणखी अवघड. बर्फ नुसता वितळवायला जितकी उष्णता लागते, तितक्याच उष्णतेत तेवढंच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवता येतं. त्यामुळे बाहेरून टिक्की काळपट, खमंग झालेली असते आणि मध्यभागी अजून थंडच असते.

आता कुणी विचारेल, मग स्टेक आत लालसर ठेवून कसा चालतो? कारण जंतू बहुतांशी मांसाच्या पृष्ठभागावर असतात. अखंड तुकड्याचा पृष्ठभाग भाजला की ते मरतात. खिमा करताना मात्र तोच पृष्ठभाग चुरडून आतबाहेर सगळीकडे मिसळला जातो. त्यातून कारखान्यातल्या एका टिक्कीत अनेक जनावरांचं मांस असू शकतं. म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने अखंड तुकड्यांसाठी ६३ अंश सेल्सिअस (१४५ फॅरनहाइट) आणि नंतर तीन मिनिटं मुरू देणं पुरेसं मानलं आहे. गाय, डुक्कर किंवा मेंढीच्या खिम्यासाठी मात्र ७१ अंश (१६० फॅरनहाइट), आणि चिकन किंवा टर्कीसाठी ७४ अंश (१६५ फॅरनहाइट) सांगितलेले आहेत. ब्रिटनमधल्या वाचकांना तिथला नियम माहीत असेल: ७० अंशांवर दोन मिनिटं, ७५ अंशांवर तीस सेकंद. तत्त्व एकच. जंतू मरण्यासाठी तापमान आणि वेळ दोन्ही लागतात, आणि एक वाढलं तर दुसरं कमी चालतं.

हे नियम एका दुर्घटनेनंतर काटेकोर झाले. १९९३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागात एका फास्टफूड साखळीतल्या कमी शिजलेल्या बर्गरमुळे ७०० हून अधिक माणसं आजारी पडली आणि चार मुलं दगावली. कारण होतं ई. कोलाय ओ१५७:एच७ नावाचा जिवाणू. त्याच्या विषामुळे लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि त्यासाठी थोडेसेच जंतू पुरतात. १९९४ मध्ये कच्च्या बीफच्या खिम्यात हा जिवाणू सापडणं म्हणजे भेसळ, असं तिथल्या सरकारने ठरवलं. "आम्ही वीस वर्षं असंच खातो, काही झालं नाही," हे वाक्य मला म्हणूनच पटत नाही. वीस वर्षांतल्या बहुतेक टिक्क्यांमध्ये हा जिवाणू नव्हता, एवढंच त्यातून सिद्ध होतं. शिवाय आपल्या बार्बेक्यूला बर्गर सगळ्यात आधी कुणाच्या ताटात जातो? पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या. धोका सर्वात जास्त त्यांनाच आहे.

मग रंगाचं काय? मांसाचा रंग मायोग्लोबिन या प्रथिनावर ठरतो. हवेतला ऑक्सिजन मिळाला की ते लालभडक दिसतं, आणि खिमा काही दिवस ठेवला की त्याचं ऑक्सिडीकरण होऊन तपकिरी पडतं. असा आधीच तपकिरी झालेला खिमा ७१ अंशांच्या बराच आधी शिजल्यासारखा दिसू लागतो. कृषी खात्याच्या सांगण्यानुसार चारातला एक बर्गर सुरक्षित तापमान गाठण्यापूर्वीच आतून तपकिरी होतो. उलट बाजूनेही रंग फसवतो. कोळशाच्या किंवा लाकडाच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड मायोग्लोबिनला चिकटला, की तो गुलाबी रंग पूर्ण शिजल्यावरही जात नाही. धुरावर केलेल्या रिब्जमध्ये कडेला गुलाबी पट्टा दिसतो तो याचमुळे. तो पाहून "कच्चं आहे" म्हणत ताट सरकवणारे पाहुणे आपण पाहतो, आणि तेच पाहुणे कच्चा बर्गर तपकिरी आहे म्हणून निर्धास्तपणे खातात!

रिब्जची गोष्ट वेगळी आहे, आणि थर्मामीटर केवळ भीतीपोटी घ्यायचा नसतो हे तिथे कळतं. डुकराच्या रिब्ज ६३ अंशांना खायला सुरक्षित होतात, पण चावता चावत नाहीत. बरगड्यांभोवतीच्या मांसात कोलॅजन भरपूर असतं. त्याचं मऊ जिलेटिन व्हायला तासन्‌तास लागतात, आणि मांस साधारण ९० ते ९५ अंशांपर्यंत पोचावं लागतं. पायांचं सूप रात्रभर मंद आचेवर ठेवण्यामागे हेच रसायन आहे. म्हणून ग्रिल ११० ते १२० अंशांवर ठेवून, निखारे एका बाजूला आणि मांस दुसऱ्या बाजूला, असं सावकाश शिजवायचं. मध्येच ७० अंशांच्या आसपास काटा तासभर हलेनासा होतो आणि यजमान घाबरून आच वाढवतात. घाबरू नका. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने मांस तिथे थांबलेलं असतं. पृष्ठभागावरचं पाणी बाष्प होताना उष्णता घेऊन जातं. फॉइलमध्ये घट्ट गुंडाळलं की बाष्पीभवन थांबतं आणि काटा पुन्हा चढतो. साखरेचा सॉस मात्र शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांतच लावा, नाहीतर तो जळून कडू होतो.

"७१ अंशांना बर्गर कोरडा होतो," हा आक्षेप मी सर्वात जास्त वेळा ऐकला आहे. कोरडेपणाची कारणं बहुधा दुसरीच असतात. फार कमी चरबीचा खिमा घेतलेला असतो; वीस टक्के चरबी असावी. भाजताना टिक्की उलथण्याने दाबून रस निखाऱ्यावर सांडलेला असतो. किंवा मीठ घालून खिमा मळलेला असतो. सीख कबाबसाठी तसं मळणं योग्यच, कारण मिठाने मांसातली प्रथिनं सुटून खिमा सळीला धरून राहतो. पण बर्गर त्याने रबरासारखा होतो. बर्गरला मीठ भाजण्याच्या क्षणी, वरून. आणि खरं तर अंदाजाने भाजणाराच बर्गर कोरडा करतो. खात्री नसल्यामुळे तो "असू दे अजून पाच मिनिटं" म्हणतो आणि ८५ अंशांपर्यंत नेतो. आकडा समोर असला, तर ७१ ला थांबता येतं.

वापरायची रीतही सोपी आहे. टिक्कीत टोक वरून न खुपसता बाजूने, मध्यापर्यंत घाला. रिब्जमध्ये दोन हाडांच्या मध्ये घाला, टोक हाडाला टेकू देऊ नका. वर्षातून एकदा बर्फाच्या पाण्यात बुडवून काटा शून्य दाखवतो का ते पाहा. कच्च्या मांसाचा ट्रे आणि चिमटा वेगळा ठेवा, विशेषतः त्याच जाळीवर कुणाचं पनीर आणि कणीस असेल तेव्हा. शाकाहारी पाहुण्यांच्या बाबतीत हा प्रश्न श्रद्धेचा आहेच, जंतूंचाही आहे.

चांगला डिजिटल थर्मामीटर पंधरा-वीस डॉलरला मिळतो. चारशे डॉलरचा ग्रिल घेणाऱ्याला तो महाग नाही. अडचण वेगळीच असते: चारचौघांत काटा काढून पाहिला तर हाताला चव नाही असं लोक समजतील, ही. त्यावर एक उपाय सुचवतो. पुढच्या बार्बेक्यूला जाताना वाईनच्या बाटलीऐवजी यजमानांसाठी थर्मामीटर घेऊन जा, आणि पहिली टिक्की उतरण्याआधी तो त्यांच्या हातात द्या.