यंत्र जुने की विचार अपुरा?

लालबाग-परळच्या चाळींत पूर्वी मोठ्या भावाची पुस्तके धाकट्याकडे येत. आता त्याचा जुना संगणकही येतो. त्यावर एखादा नवा खेळ लावावा, तर चित्र अडखळते, पंखा घरघरू लागतो आणि कोणीतरी सल्ला देतो, "यंत्र जुने झाले. लॅमिंग्टन रोडवरून नवे ग्राफिक्स कार्ड आणा." हा सल्ला कधी कधी बरोबर असतो. परंतु पुष्कळदा दोष यंत्राचा नसून खेळ बनवणाऱ्यांचा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. आईवडिलांच्या काही हजार रुपयांचा आणि तुमच्या विचार करण्याच्या सवयीचाही तो आहे.

प्रथम संगणकाला नेमके काय करावे लागते, ते पाहू. पडद्यावरची हालचाल म्हणजे चित्रपटाप्रमाणेच एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांची मालिका होय. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एका चित्रासाठी १/६० सेकंद, म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. एवढ्या अवधीत ध्वनी हवेतून जेमतेम पावणेसहा मीटर जातो. पण ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात ५ कोटी ठोके पडतात! तरीही चित्र वेळेवर तयार होत नसेल, तर दोनच शक्यता उरतात. एक तर काम खरोखरच प्रचंड आहे, नाहीतर ठोके वाया जात आहेत.

ठोके वाया कसे जातात, याचे एक गाजलेले उदाहरण आहे. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' हा खेळ प्रौढांसाठीचा; आपल्याला कर्तव्य आहे ते फक्त त्याच्या आज्ञावलीशी. त्याची ऑनलाइन आवृत्ती सुरू होण्यासाठी अनेकांना कित्येक मिनिटे ताटकळावे लागे. २०२१ साली एका चिकित्सक खेळाडूने याचे कारण शोधून काढले. आरंभी सुमारे ६३ हजार वस्तूंची एक यादी वाचली जात होती. प्रत्येक नवी वस्तू घेताना, ती आधी येऊन गेली आहे काय, हे आधीच्या एकेका वस्तूशी ताडून पाहिले जाई. ६३,००० गुणिले ६२,९९९ भागिले २ करून पाहा. सुमारे १९८ कोटी तुलना झाल्या! शिवाय अशा पद्धतीत यादी दुप्पट झाली की काम चौपट होते.

आपल्या डबेवाल्यांनी असे केले तर काय होईल? दादर स्टेशनात प्रत्येक डबा हातात घेऊन तो उरलेल्या सर्व डब्यांशी ताडून पाहायचा म्हटले, तर दुपारचे जेवण रात्रीही पोचायचे नाही. ते झाकणावरची खूण पाहतात आणि डबा थेट त्याच्या गटात ठेवतात. वर सांगितलेल्या खेळाडूने ही अनावश्यक तपासणी आणि तशीच दुसरी एक उधळपट्टी काढून टाकली. प्रतीक्षेचा वेळ सुमारे ७० टक्क्यांनी घटला. कंपनीने दोष मान्य करून दुरुस्ती केली आणि त्याला १० हजार डॉलर बक्षीस दिले. यंत्र तेच राहिले. विचार तेवढा बदलला.

वाया गेलेला ठोका फुकटही नसतो. त्याची वीज शेवटी उष्णतेत रूपांतरित होते. ४०० वॅट शक्ती घेणारा संगणक अडीच तासांत एक युनिट वीज खातो, म्हणजे छतावरचे पाच पंखे खातील तेवढी. मे महिन्यात दहा बाय बाराच्या खोलीत ही शेगडी नकोशीच वाटणार.

दुसरी तक्रार तोचतोपणाची. नव्वदच्या दशकात टीव्ही-गेमच्या 'कॅसेटी' मिळत. वर लिहिलेले असे, '९९९९ खेळ एकात'. प्रत्यक्षात मोजकेच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. आज ही फसवणूक अधिक भव्य झाली आहे इतकेच. २०१६ साली आलेल्या 'नो मॅन्स स्काय' या खेळात २ चा ६४ वा घात, म्हणजे १८ वर अठरा शून्ये इतके ग्रह असल्याचा गाजावाजा झाला. बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाच्या दाण्यांची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. ती संख्या याहून फक्त एकाने कमी! तरीही थोड्याच ग्रहांनंतर पुष्कळांना कंटाळा आला. बांगड्यांच्या काचा घालून केलेल्या शोभादर्शकासारखेच हे आहे. नक्षी दर वेळी नवी, पण दहा मिनिटांत नळी खाली ठेवावीशी वाटते. बुद्धिबळाचे मात्र तसे होत नाही. सोंगट्या अवघ्या ३२, पण प्रत्येक चालीने पुढच्या चालीचा अर्थ बदलतो. विविधता संख्येत नसते, परिणामांत असते. 'नो मॅन्स स्काय'च्या कर्त्यांनी पुढे अनेक वर्षे विनामूल्य सुधारणा केल्या, हेही नमूद केले पाहिजे.

पुनरावृत्ती नेहमीच वाईट असते, असेही नाही. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' केवळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला होता. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो त्याच्या पन्नासपटीहून मोठा भरतो. त्यातील ढग आणि झुडूप यांचा आकार एकच आहे; रंग तेवढा बदललेला. ही काटकसर. ती खेळ उत्तम व्हावा म्हणून केली होती, काम टाळावे म्हणून नव्हे.

बनवणाऱ्यांचीही बाजू आहे. संगणकांचे प्रकार असंख्य, विक्रीची तारीख ठरलेली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या गटाचा 'राजी' हा खेळ २०२० साली आला. त्याच्या चित्रांचे कौतुक झाले, तशीच लढाया आणि घाईने आटोपलेला शेवट यांवर टीकाही झाली. २०२२ मध्ये त्यांनी सुधारित आवृत्ती काढली. आपल्या माणसांचे कौतुक जरूर करावे. पण उणीव सांगणे हेही कौतुकाचेच अंग आहे.

तेव्हा, खेळ अडखळला तर लगेच पैसे मागू नका, प्रयोग करा. प्रयोगशाळेतला नियम तोच आहे: एका वेळी एकच गोष्ट बदला. चित्राचे रेझोल्यूशन निम्मे करा आणि सेकंदाला किती चित्रे येतात ते लिहून ठेवा. आकडा चांगला वाढला, तर ग्राफिक्स कार्डावरच भार होता. आकडा जवळजवळ तोच राहिला, तर अडचण दुसरीकडे, प्रोसेसरमध्ये किंवा आज्ञावलीत आहे, आणि नवे कार्ड आणून फारसा उपयोग व्हायचा नाही. मग बनवणाऱ्यांना आकड्यांसह तक्रार लिहा. तुमच्यापैकी काही जण उद्या आज्ञावली लिहितील. त्या वेळी समोर जुना संगणक घेऊन बसलेला एखादा मुलगा आहे, हे ध्यानात ठेवा.