चढणीवरची सायकल

मनुष्यानें निर्मिलेल्या वाहनांत सायकलीइतकें सरळ वाहन दुसरें नाहीं. तिला चारा लागत नाहीं, तेल लागत नाहीं. पायांत जितकें बळ तितकीच तिची गति. परंतु या सरळपणामुळेंच तिच्याविषयीं एक चमत्कारिक समजूत आपल्या समाजांत रूढ झाली आहे. ती अशी कीं, चढण लागली असतां जो दांतओठ खाऊन एकाच गिअरवर वर जातो तो खरा बळकट, आणि जो आपल्या सायकलीस चढणीजोगा गिअर लावून घेतो तो दुबळा. ही समजूत चुकीची आहे. इतकेंच नव्हे, तर तिच्यामुळें आपल्या कित्येक मुलामुलींचें नुकसान होतें, असें माझें मत आहे. तें सकारण मांडावें एवढाच या लेखाचा हेतु.

मुदखेडचा परिसर म्हणजे काळ्या जमिनीचा, फुलांच्या मळ्यांचा, बहुतांशीं सपाट मुलूख. येथें चढणीचा प्रश्न कोठून आला, असें कोणी विचारील. परंतु भोकरकडे जातांना सीताखांडीचा घाट लागतो. पुढें किनवट व माहूरकडे तर डोंगरच डोंगर आहेत. दक्षिणेस कंधारकडे बालाघाटाचे उंचवटे आहेत. शिवाय पाठीवर दप्तर, कॅरिअरवर धाकटा भाऊ आणि समोरून वारा असला म्हणजे सपाट रस्त्याचीहि चढण होते, हें रोज सायकलीवरून शाळेंत येणाऱ्या मुलांस सांगणें नलगे.

प्रथम शास्त्र काय सांगतें तें पाहूं. समजा, मुलगा व सायकल मिळून वजन ८० किलो आहे आणि त्यास १०० मीटर उंची चढावयाची आहे. या कामास सुमारें ७८,४०० जूल एवढें कार्य लागेल. गिअर मोठा असो कीं लहान, या आंकड्यांत एका जूलचीहि सूट मिळत नाहीं. उलट हवेच्या व घर्षणाच्या विरोधाची त्यांत भरच पडते. लहान गिअर एवढेंच करितो कीं, तेंच कार्य अधिक फेऱ्यांत वांटून देतो, म्हणजे प्रत्येक फेरीस लागणारा जोर कमी होतो. शंभर पोती एकदम उचलतां येत नाहींत म्हणून एकेक उचलणारा हमाल कामचुकार ठरतो काय? शंभरहि पोती शेवटीं त्यानेंच वाहिलेलीं असतात. गिअरचें रहस्य याहून निराळें नाहीं.

आतां हिशोब आपल्या घरच्या सायकलीचा करूं. साध्या काळ्या सायकलीस पुढें ४४ व मागें १८ दांते असले, तर पायडलाच्या एका फेरींत मागचें चाक सुमारें २.४४ वेळां फिरतें. चाकाचा घेर सुमारें २.२ मीटर धरला, तर एका फेरींत सायकल सुमारें ५.४ मीटर पुढें जाते. मागील १८ दांत्यांचें फ्रीव्हील काढून २२ दांत्यांचें बसविलें, तर चाक बरोबर दोन वेळां फिरेल, आणि सायकल ४.४ मीटर जाईल. वेग थोडा उतरला खरा, पण पायावरील भार शेंकडा १८ नें हलका झाला. या फेरफारास एक फ्रीव्हील, साखळीची एखादी अधिक कडी आणि मिस्त्रीची थोडीशी मजुरी, एवढेंच लागतें. प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या सायकलीचे दांते एकदां स्वतः मोजून हा हिशोब करून पाहावा. पुस्तकांतील गुणोत्तर व प्रमाण त्यास त्या दिवशीं खऱ्या अर्थानें कळेल.

या विषयाचा इतिहासहि मोठा बोधप्रद आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत, मॅरिन परगण्यांतील टामालपायस डोंगराच्या परिसरांत, १९७० नंतरच्या दशकांत कांहीं तरुणांस जुन्या, जाड टायरांच्या, वजनदार सायकली घेऊन कच्च्या वाटांनीं उतार उतरण्याचा नाद लागला. तेथील ‘रीपॅक’ नांवाच्या उताराची पहिली शर्यत १९७६ सालीं झाली. सुमारें २ मैलांत सुमारें १३०० फूट खालीं येतांना मागच्या चाकांतील ब्रेक इतका तापे कीं हबमधील ग्रीस जळून धूर निघे, आणि प्रत्येक फेरीनंतर तें नव्यानें भरावें लागे. यावरूनच तें नांव पडलें. परंतु उतरण्यापूर्वीं चढावें लागतेंच! त्या सायकलींस एकच गिअर असल्यामुळें मंडळी त्या ढकलीत नेत, नाहीं तर ट्रकांत घालून वर नेत. १९७४ सालीं कुपर्टिनो गांवचे कांहीं तरुण अशाच जाड टायरांच्या सायकलींस अनेक गिअर लावून एका शर्यतीस आले. पुढें १९७५ च्या सुमारास गॅरी फिशर यानें आपल्या सायकलीस अनेक गिअर जोडले, आणि ज्या डोंगरावरून केवळ उतरतां येई त्यावर चढतांहि येऊं लागलें. १९७७ सालीं जो ब्रीझ यानें याच कामासाठीं नवा सांगाडा घडविला. आज जगभर जी ‘माउंटन बाइक’ म्हणून ओळखली जाते तिचा उगम हा असा आहे. उताराच्या सायकलीस चढण शिकविली, त्यांतून एक नवें वाहन जन्मास आलें.

पुढें मात्र या सायकलींच्याहि जाति झाल्या. केवळ उतारासाठीं निराळी सायकल होऊं लागली. तिला पुढें-मागें सुमारें २०० मिलिमीटर दबणाऱ्या स्प्रिंगा, जाड टायर आणि वेगासाठींच निवडलेले गिअर असतात. आमच्या तरुणांस तिच्या रूपाची भुरळ पडते. जाड नळ्या व मोठ्या स्प्रिंगा पाहून ते तसलीच सायकल मागतात, आणि पहिल्याच घाटांत उतरून तिला ढकलूं लागतात. अशी सायकल पदरीं पडली असेल, तर तिला थोडीबहुत चढणीजोगी करितां येते. समजा, पुढें ३६ दांत्यांचें चाक आहे आणि मागील सर्वांत मोठें चाक २५ दांत्यांचें आहे, गुणोत्तर १.४४ झालें. पुढें ३० व मागें ४२ दांते बसविल्यास तें सुमारें ०.७१ होतें, म्हणजे पायावरील जोर निम्म्यावर येतो. पण हें काम डोळे मिटून करूं नये. अशा कित्येक सायकलींच्या मागील हबवर सातच चाकांपुरती जागा असते. साखळी एका चाकावरून दुसऱ्यावर नेणारा आंखूड डेरेलर मोठ्या चाकास पुरत नाहीं. लांब दांड्याचा घ्यावा लागतो. साखळीहि वाढवावी लागते, आणि तिची लांबी स्प्रिंग पूर्ण दाबून पाहावी लागते. कारण कित्येक सांगाड्यांत स्प्रिंग दबली कीं मागचें चाक पायडलापासून दूर सरतें, व आंखूड साखळी ताणून तुटते. आणि इतकें केल्यावरहि सायकलीचें वजन व प्रत्येक पायडलास होणारें तिचें डुलणें राहतेंच. तात्पर्य, वस्तु घेण्यापूर्वींच आपला रस्ता कोणता हें पाहिलें असतें, तर निम्मा खर्च वांचला असता. दुकानांतील चित्र पाहून नव्हे, तर घरापासून शाळेपर्यंतची वाट पाहून सायकल निवडावी, अशी माझी पालकांस विनंती आहे.

आतां आक्षेपांकडे वळूं. ‘यंत्राच्या साहाय्यानें चढणें म्हणजे स्नायूंचा अपमान’ हा आक्षेप नवा नाहीं. ‘तूर द फ्रान्स’ या विख्यात शर्यतीचे संस्थापक हेन्री देग्रांज यांचें मत असेंच होतें. गिअर बदलण्याची सोय पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठीं ठीक, असें त्यांनीं १९०२ सालीं लिहिलें. त्याच फ्रान्समध्यें सेंत-एतिएन येथील पॉल द व्हीव्ही हे गृहस्थ ‘वेलोसिओ’ या नांवानें वर्षानुवर्षें उलट बाजू मांडीत होते, आणि स्वतः डोंगर चढून ती सिद्ध करीत होते. अखेर १९३७ सालीं त्या शर्यतींत डेरेलर वापरण्याची मोकळीक मिळाली. आज त्या शर्यतींतला अत्यंत बळकट मनुष्यहि घाटांत लहान गिअर घेतो, आणि त्यास कोणी दुबळा म्हणत नाहीं. आपल्याकडील मुंबई-पुणें शर्यतींतहि खोपोलीपासून वर बोरघाट चढतांना हाच नियम चालतो. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं २०१७ सालीं अमेरिका खंड एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत ओलांडणारी शर्यत एकट्यानें पुरी केली. ती निश्चयाच्या बळावर, हें खरें. पण निश्चय पायांत उतरविण्यासाठीं साधन सुयोग्यच असावें लागतें.

दुसरा आक्षेप वडील मंडळींचा असतो: ‘आम्ही नाहीं का एकाच गिअरवर दहा मैल गेलों?’ गेलांत, आणि त्याबद्दल आदरच आहे. परंतु जे गेले त्यांचीच गोष्ट आपण ऐकतों. चढण झेपेना म्हणून ज्यांची शाळा सुटली, त्यांची गोष्ट सांगावयास कोणी उरत नाहीं.

आणि येथेंच या विषयाचा खरा गाभा आहे. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांत मागासलेल्या तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पांच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या गरजू मुलींस सायकलीसाठीं साहाय्य मिळतें. ही योजना अत्यंत स्तुत्य आहे. सायकल आली म्हणजे मुलगी शाळेंत येते, तिच्या येण्याजाण्यासाठीं कोणाचें तोंड पाहावें लागत नाहीं. परंतु अशी सायकल बहुधा एकाच गिअरची असते, आणि तो गिअर त्या मुलीचें वय, वजन वा तिची वाट पाहून ठरविलेला नसतो. सपाट गांवच्या मुलीस तो चालेल. डोंगराळ तांड्यावरच्या तेरा वर्षांच्या मुलीस चालेलच असें नाहीं. तिची सायकल महिनाभरानें भिंतीस टेकून राहिली, तर आपण म्हणतों, ‘मुलीला आवड नाहीं.’ मुलीस दोष देण्यापूर्वीं फ्रीव्हीलचे दांते मोजावे, असें मला नम्रपणें सुचवावयाचें आहे.

यास्तव शाळांनींहि कांहीं करावें. एक पाना, साखळी तोडण्याचें हत्यार, फ्रीव्हील काढण्याचें हत्यार व थोडें तेल, एवढ्या सामग्रीवर आठवड्यांतून एक तास सायकलीच्या कामास द्यावा. मुलांप्रमाणें मुलींनींहि आपले हात काळे करावे. ज्यास आपल्या सायकलीची साखळी बसवितां येते तो वाटेंत अडत नाहीं. ब्रेक आधीं तपासावे, गिअर मागाहून. कारण जो चढला त्यास उतरावयाचेंहि असतें.

विद्यार्थी मित्रहो, पुढील आयुष्यांत तुम्हांस पुष्कळ चढणी लागतील. परीक्षेची असो, धंद्याची असो वा संसाराची असो, कोणतीहि चढण तुमच्यासाठीं बुटकी होणार नाहीं. ती तुम्हांसच चढावयाची आहे. पण ती कोणत्या गिअरवर चढावी हें ठरविण्याचा अधिकार तुमचा आहे, आणि तो वापरण्यांत लाज मुळींच नाहीं. लहान पावलें, पुष्कळ पावलें, आणि न थांबतां: माथ्यावर पोंचण्याची हीच रीति आहे.