व्हीपीएसवर ‘१ जीबीपीएस’ लिहिलंय, पण मिळतं किती?

पोस्ट व्हायरल झाली, लोक लिंकवर तुटून पडले आणि नेमकी तेव्हाच वेबसाइट रखडली. सर्व्हर तर ‘१ जीबीपीएस’चा घेतलेला. मग घोळ कुठे होतो?

व्हीपीएस म्हणजे मोठ्या सर्व्हरचा भाड्याने घेतलेला हिस्सा. त्याचं नेटवर्क बहुतेकदा इतर ग्राहकांसोबत वाटून घ्यावं लागतं. त्यामुळे जाहिरातीतला आकडा ही कमाल मर्यादा असते, हमी नव्हे. शिवाय तो बिटमध्ये असतो. १ जीबीपीएस म्हणजे सेकंदाला १२५ एमबी. सलग या वेगाने डेटा गेला, तर महिन्याचा १ टीबी कोटा साधारण सव्वादोन तासांतच संपेल!

नुसती स्पीड टेस्ट इथे फसवी ठरते. ती सहसा जवळचा सर्व्हर निवडते. फ्रँकफर्टमधला व्हीपीएस आणि मुंबईतला वाचक यांच्यातला रस्ता ती मोजतच नाही. ‘आयपर्फ३’ हे मोफत टूल दोन्ही टोकांना चालवलं, तर त्या रस्त्यावरचा वेग कळतो. तोही व्हीपीएसकडून वाचकाकडे येणारा मोजावा, आणि रात्री नऊच्या गर्दीत. पहाटेचा आकडा देखणा आला तर नवल नाही. चाचणी दहा सेकंदांची पुरे, कारण पूर्ण वेगाने तेवढ्यातच सव्वा जीबी खर्च होतो. महिन्याचा हिशेब ‘व्हीएनस्टॅट’ ठेवतं, मात्र बसवल्या दिवसापासूनचाच.