खारे वारे, मतलई वारे आणि सहा परस विहीर

व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव होतं 'मॉरिशस कॉलिंग'. मेंबर पाच. डीपीला निळंशार पाणी, त्यावर रंगीत शिडाची फळी आणि फळीवर एक सिक्स पॅकवाला गोरा. ऑफिसातल्या चौघांचं आणि माझं ठरलं होतं, यंदा मनाली नाही, बाली नाही, थेट विंडसर्फिंग! तेही उष्ण कटिबंधातल्या बेटावर. ('उष्ण कटिबंध' हा शब्द दहावीनंतर पहिल्यांदाच वापरतेय.)

आता माझं लोकेशन सांगते. नवीन जालना. कंपनी पुण्याची, पण २०२० पासून महिन्यातले तीन आठवडे मी घरूनच काम करते. कुंडलिकेच्या अल्याड जुना जालना, पल्याड नवीन जालना, आणि आमच्या गच्चीवर काळी टाकी. त्या टाकीला टेकून मी विंडसर्फिंग हॉलिडे प्लॅन करत होते. लहानपणी नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. २०१२-१३ च्या दुष्काळात कॉलेजला जायच्या आधी टँकरच्या रांगेत घागर ठेवून यायचं, हे आमचं रुटीन. काकांची मोसंबीची बाग त्याच वर्षी वाळली आणि तोडावी लागली. त्या घरातली मुलगी पाण्यात पडायला पैसे भरणार! आईची पहिली रिअॅक्शन, ''काळी पडशील.'' पप्पांची दुसरी, ''कामून?''

बस. 'कामून' एवढंच. पप्पांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, जळलेल्या मोटारी आणि कमी शब्द.

मॉरिशस मी उगाच नव्हतं काढलं. तिथल्या हिवाळ्यात, म्हणजे साधारण जून ते सप्टेंबर, आग्नेय व्यापारी वारे जोरात असतात. नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी प्रवाळाच्या भिंतीआड उथळ खाडी. भिंतीबाहेर 'वन आय' नावाची लाट, ती फक्त उस्तादांसाठी. शिवाय एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्या कोकणातल्या लोकांची पिढ्यान् पिढ्या वाढलेली मराठी घरं तिथे आहेत. गणेश चतुर्थीला चक्क सरकारी सुट्टी! आईला पटवायला हा पॉइंट सॉलिड होता. व्हिसाही आधी काढावा लागत नाही.

मग मी एक्सेल शीट उघडली आणि ग्रुपची हवा गेली. विमान, राहणं, फळीचं भाडं, इन्स्ट्रक्टरचे तास. एकाचं होम लोन, एकीचं लग्न, एकाला 'क्लायंट डिलिव्हरी'. पाचाचे दोन उरले. मी आणि ऑफिसातली माझी मैत्रीण. तेव्हा एक जुना फंडा आठवला... जे आधी येत नाही ते शिकायला इतक्या लांब जाऊच नये. जवळचं बेट शोधा.

आणि बेट निघालं कुठे? गोव्यात! हसू नका. पणजी ज्या तालुक्यात आहे तो तिसवाडी तालुका खरंच बेट आहे. वर मांडवी, खाली जुवारी, समोर अरबी समुद्र आणि मागे दोन्ही नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. पोर्तुगीज या भागाला 'इल्यास' म्हणायचे, म्हणजे बेटंच. आपण शंभर वेळा मिरामारला भेळ खाल्ली, पण बेटावर उभे आहोत हे कुणाच्या गावी नव्हतं. कोकण रेल्वेचं करमळी स्टेशनही याच बेटावर. म्हणजे आमच्यासाठी नवीन जालना ते बेट हा प्रवास असा : देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई, दिवसभर मुंबईत मावशीकडे, रात्री कोकणकन्या, सकाळी करमळी. पासपोर्टसुद्धा नको. ग्रुपचं नाव बदललं, 'करमळी कॉलिंग'.

आता थोडं ज्ञान पाजळते. विंडसर्फिंगची फळी म्हणजे होडी आणि सर्फबोर्ड यांचं अपत्य. कॅलिफोर्नियात जिम ड्रेक हा विमानांचा इंजिनिअर आणि हॉइल श्वाइत्झर हा कॉम्प्युटरवाला, या दोघांनी १९६८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. (त्याआधी १९६४ मध्ये न्यूमन डार्बी नावाच्या माणसाने शिडाची फळी बनवली होती, पण नाव झालं या दोघांचं. ऑफिसात नाही का होत?) त्यांची खरी करामत डोलकाठीच्या बुडाशी आहे. तिथे असा सांधा बसवला की शीड कुठल्याही दिशेला कलतं. सुकाणू नाहीच! शीड पुढे कलवलं की फळीचं तोंड वाऱ्यापासून लांब जातं, मागे कलवलं की वाऱ्याकडे वळतं. मी हे जेवताना आईला सांगत होते. पप्पा ताटातून मान वर करून म्हणाले, ''म्हणजे ट्रॅक्टरच्या शाफ्टचा क्रॉस. युनिव्हर्सल जॉइंट.'' करेक्ट! त्या दिवसापासून पप्पांना विषयात इंटरेस्ट आला, असं मला वाटलं.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे जातात ते मतलई. परीक्षेत मी नेहमी उलटे लिहायचे. आता हाच प्रश्न जिवावरचा आहे. गोव्यात हिवाळ्यात सकाळी वारा बऱ्याचदा जमिनीकडून असतो. पाणी आरशासारखं सपाट दिसतं, नवशिक्याला वाटतं, वा, काय सोपं आहे! आणि तोच वारा त्याला अलगद आत, खोल समुद्रात नेतो. परत येताना वाऱ्याविरुद्ध थेट जाता येत नाही, तिरकं तिरकं, नागमोडी यावं लागतं, आणि नवशिक्याला नेमकं तेच जमत नाही. नाव मतलई, काम मतलई. दुपारी खारा वारा सुरू झाला की तो तुम्हाला काठाकडे ढकलतो, मग शिकावं. तरी कधी बाहेर ओढला गेलातच तर फळी सोडायची नाही. फळी तरंगते, माणूस दमतो.

सुरुवातीला आठ ते बारा नॉटचा वारा पुरे, म्हणजे ताशी पंधरा ते बावीस किलोमीटर. फळी मोठी मागा, दोनशे लिटरच्या आसपास, आणि शीड छोटं. स्टाइल मारायला छोटी फळी घेतलीत तर दिवसभर फक्त आंघोळ होईल. आणि पहिला दिवस म्हणजे पाण्यात पडलेलं शीड दोरीने वर ओढणं, पडणं, पुन्हा ओढणं. पाठ वाकवू नका, गुडघे वाकवा. कंबर नंतर अप्रेजलपर्यंत टिकली पाहिजे. पावसाळ्यात जायचं नाव काढू नका. आम्ही फेब्रुवारीचा दुसरा आठवडा पक्का केला.

'आपण कुठले, समुद्र कुठला' असं वाटत असेल तर एक नाव लक्षात ठेवा, इबाद अली. मध्य प्रदेशचा हा मुलगा भोपाळच्या सेलिंग स्कूलमध्ये तयार झाला आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत विंडसर्फिंगचं ब्राँझ घेऊन आला. भोपाळला कुठे समुद्र आहे? तलाव आहे.

तर सगळं जुळलं. गोव्यात शिकवणाऱ्या माणसाला फोन लावला. तारीख, वजन, उंची विचारली. आणि मग सहज म्हणाला, ''पन्नास मीटर पोहता ना?''

मी फोनवर गप्प.

लाइफ जॅकेट असतंच की, असं मी म्हणून पाहिलं. तो म्हणाला, ''जॅकेट देणारच. पण पाण्याला घाबरणारा माणूस शीड सोडत नाही, आणि शीडाखाली सापडला की जॅकेट वर ढकलतं. शिकून या, मी तारीख धरून ठेवतो.''

त्या रात्री मी पप्पांना म्हटलं, आमच्या घरात कुणालाच कसं पोहता येत नाही हो? काकांच्या शेतात सहा परस विहीर, गावातली पोरं डबा बांधून उड्या मारायची, आणि आम्हा भावंडांना काठाला जायची बंदी. पप्पा गप्पच होते. आई म्हणाली, ''सांगून टाका आता.''

आमच्या हॉलमध्ये धाकट्या काकांचा हार घातलेला फोटो आहे. ते आजारपणात गेले असंच मी ऐकत आले होते. तसं नव्हतं. १९८६ साली, सतराव्या वर्षी, ते मोटारीचा फुटबॉल साफ करायला त्याच विहिरीत उतरले होते. (फुटबॉल म्हणजे पाइपाच्या बुडाचा व्हॉल्व्ह, खेळायचा नाही.) पप्पा तेव्हा जालन्याला पार्ट आणायला आले होते. पंचक्रोशीत पप्पांसारखं पोहणारं कुणी नव्हतं, आणि नेमके तेच तिथे नव्हते. त्यानंतर ते पाण्यात उतरले नाहीत आणि घरात कुणाला उतरू दिलं नाही.

मी लॅपटॉप बंद केला. कॅन्सल करू, म्हटलं. पप्पा म्हणाले, ''त्या माणसानं तारीख कोणती दिली?''

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बाइकवरून शेतात गेलो. पप्पांनी तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन माझ्या पाठीला बांधला. गाठ दोनदा तपासली, मग तिसऱ्यांदा. मग स्वतः शर्ट काढून पायऱ्यांवरून खाली उतरले. साठीचा माणूस! पायाच्या अंगठ्याने पाणी चाचपून बघत एका पायरीवर बराच वेळ उभे राहिले. काठावर काका, काकू, शेजारचे दोघे-तिघे. कुणी बोलेना. आणि मग पप्पा पाण्यात असे शिरले की आवाजसुद्धा झाला नाही. आई तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघत होती.

मी? मी बोंब ठोकली. नाकातोंडात पाणी, पाठीवर कॅन, पुढ्यात पप्पा, ''हात मार, पाय मार, कोणाकडं बघू राहिली?'' लोकांना अॅडव्हेंचरसाठी कुठे कुठे जावं लागतं, माझी सुरुवात मोसंबीच्या शेतात झाली.

चार रविवारांनी कॅन सुटला. पन्नास मीटरचा हिशोब पप्पांनी खास मेकॅनिक पद्धतीने केला. विहिरीचा व्यास वीस फूट, म्हणजे घेर त्रेसष्ट फूट, म्हणजे तीन फेऱ्यांत पन्नास मीटर होऊन जातात. ''पण तू कोपरे मारती. सहा मार.'' (गोल विहिरीत कोपरे कसे मारतात ते मला अजून कळलेलं नाही.) जानेवारीत सहा झाल्या. समुद्रात भिंत धरायला मिळणार नाही, म्हणून शेवटचे दोन रविवार मी मधोमध नुसतं तरंगायची प्रॅक्टिस केली. पाठीवर पडून. वर आभाळाचा एक गोल तुकडा, आणि कडेला बसलेले पप्पा घड्याळ लावून मिनिटं मोजतायत.

फुटबॉल मात्र अजूनही तेच साफ करतात. मला जवळ येऊ देत नाहीत.

पुढच्या शुक्रवारी निघायचं. बॅगेत सनस्क्रीन, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, शिंपल्यांनी पाय कापू नयेत म्हणून जुने कॅनव्हासचे बूट. काल पप्पा दुकानातून आले आणि विचारलं, ''कोणता वारा म्हणाली होतीस चांगला?''

''खारा. दुपारचा.''

''मग सकाळी त्या सरांनी सांगितलं तरी उतरू नको.''

देवगिरी कन्फर्म आहे. कोकणकन्या अजून आरएसीवर अडकली आहे.