डब्यावर लिहिलंय म्हणून?

गेल्या रविवारी डोंबिवलीला आईकडे गेलो होतो. जेवण झाल्यावर तिने रक्ताचा रिपोर्ट पुढे केला. तीन महिने रोज ड जीवनसत्त्वाची गोळी घेऊनही आकडा जिथल्या तिथे! गोळ्या मीच ऑनलाइन मागवलेल्या, भरपूर स्टार बघून.

आता प्रश्न असा, की गोळी अंगी लागत नाहीये की गोळीत काही नाहीच? पहिलं असेल तर डॉक्टर डोस वाढवणार. पण दुसरं असेल, डोस वाढवला आणि पुढचा डबा खरा निघाला तर? ड जीवनसत्त्व जास्त झालं म्हणून लघवीवाटे निघून जात नाही. ते शरीरात साठतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवतं.

"अरे, सरकारी नंबर आहे की डब्यावर," आई म्हणाली.

आहे ना. एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक. पण तो सांगतो धंदा कोणाचा आहे ते. लिहिलंय तेवढं या डब्यात आहे का, हे तो सांगत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर डेव्हलपरचं आयडी कार्ड बघितलं, कोड कोणी टेस्टच केला नाही :)

बरं, "लॅबमध्ये तपासलेलं" असं छापलेलं असतं. पण नमुना कोणी निवडला? कंपनीनेच पाठवला असेल तर तो डेमोचा बिल्ड झाला. खरी टेस्ट म्हणजे दुकानातून गुपचूप विकत घेतलेला डबा. अमेरिकेत यूएसपी ही संस्था २००१ पासून सप्लिमेंट्सना पडताळणीचा शिक्का देते. पैसे कंपनीच भरते, पण कारखान्याची तपासणी होते आणि नंतर बाजारातले डबे उचलूनही तपासतात. आपल्याकडे २०२४ मध्ये केरळचे डॉ. अ‍ॅबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी पदरचे पैसे घालून ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या. सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा खरा नव्हता. जिमवाल्या मित्रांनो, वाचताय ना?

केमिस्टकडे औषध म्हणून मिळणारी पट्टी १९४० च्या औषध कायद्याखाली येते, आमचा डबा मात्र २००६ च्या अन्न कायद्याखाली. औषधातही सगळं आलबेल असतं असं नाही. ऑगस्ट २०२४ च्या केंद्रीय यादीत कॅल्शियम-ड३ च्या गोळ्या नापास झाल्याच होत्या. पण निदान यादी निघते, बॅच नंबरासकट. सप्लिमेंट्सचीही अशी दर महिन्याची यादी हवी, एवढंच माझं म्हणणं. खर्च वाढेल, किंमत वाढेल म्हणाल, तर रिकामी गोळी कितीही स्वस्त असली तरी महागच.

तोवर आपण काय करायचं? अन्न कायद्याच्या ४० व्या कलमानुसार कोणीही ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो, आणि माल नियमात बसत नसल्याचा अहवाल आला तर फी परत मिळते. अट एकच: घेतानाच दुकानदाराला तसं सांगायचं. (ऑनलाइन कार्टमध्ये हे कुठल्या बटणाने सांगतात, कोणाला सापडलं तर कळवा.)

एकट्याला हे जड जातं, मान्य. पण घोडबंदर रोडच्या एकेका टॉवरमध्ये शंभर-शंभर घरं आहेत. गणपतीची वर्गणी निघते, तर एका डब्याच्या तपासणीची का निघू नये? मुंबईत १९६६ साली नऊ बायकांनी मिळून ग्राहक संस्था उभी केली होती, कन्झ्युमर गायडन्स सोसायटी. तेव्हा तर इंटरनेटही नव्हतं.

असो. आईच्या डॉक्टरांनी डोस वाढवला नाही, केमिस्टकडची पट्टी लिहून दिली. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. म्हणजे गोळीची टेस्ट शेवटी आईच्या रक्तातच होणार. हेच मला पटत नाहीये.