लाटांचें गणित

ताहिती बेटावर तेआहुपो येथें २०२४ सालीं पॅरिस ऑलिंपिकमधील सर्फिंगच्या, म्हणजे फळीवर उभें राहून लाटेवर स्वार होण्याच्या, स्पर्धा झाल्या. तेथें खोल समुद्रांतून पोवळ्यांचा खडक एकदम वर येतो. स्वार घसरला तर खालीं वाळू नव्हे, धारदार खडक. वर पाणी कित्येकदां पुरुषभरही नसतें. म्हणून मोठी लाट केव्हां येणार, हा जिवाचाच प्रश्न होय.

दुसऱ्या महायुद्धांत सैन्य किनाऱ्यावर उतरविण्यासाठीं स्वेर्ड्रुप व मंक या शास्त्रज्ञांनीं अशा भाकिताचा पाया घातला. दूर दक्षिणेच्या वादळांत लाटा उठतात. दोन लाटांत सोळा सेकंदांचें अंतर असेल, तर खोल पाण्यांत प्रत्येक लाट सेकंदास सुमारें २५ मीटर धांवते. परंतु पुढची लाट विरते, मागें नवी उठते. म्हणून लाटांचा समूह निम्म्याच वेगानें, ताशीं ४५ किलोमीटर, सरकतो. ३००० किलोमीटरांवरून येण्यास त्यास सुमारें पावणेतीन दिवस लागतात. एकट्या लाटेवरून हिशेब करणारा जवळजवळ दीड दिवस आधींच किनाऱ्यावर जाऊन बसेल!

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें नवल वाटूं नये. घरांतील एखादा कितीही धांवो, घर आपल्याच चालीनें पुढें जातें; आणि त्याच चालीवरून पुढील दिवसांचा अंदाज बांधावा लागतो.