दोन शिट्या, एक निर्णय

शाळाशाळांतील बास्केटबॉलच्या सामन्यांत बहुधा दोन पंच असतात. आणि दोन माणसें एकच गोष्ट दोन बाजूंनीं पाहूं लागलीं म्हणजे त्यांचे निर्णय कधींतरी परस्परविरुद्ध व्हावयाचेच. बचाव करणाऱ्यानें वाट अडविली म्हणून एक पंच त्याच्यावर फाऊल देतो; त्याच क्षणीं, चढाई करणाऱ्यानें धडक दिली म्हणून दुसरा पंच उलट फाऊल देतो. मग मैदानाभोंवतीं जो गलका उठतो तो आमच्या विद्यार्थ्यांस व पालकांस परिचित आहेच. प्रत्येक पक्षास आपल्या सोयीचा पंच न्यायी वाटतो व दुसरा आंधळा. अशा प्रसंगीं काय करावें, याचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो. कारण न्याय वडीलकीनें ठरावा कीं डोळ्यांनीं पाहिलेल्यावरून ठरावा, हा प्रश्न त्यांत गुंतलेला आहे.

हा खेळ जेम्स नेस्मिथ यांनीं १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत काढला. त्यांच्या मूळच्या १३ नियमांतच दोन अधिकारी आहेत. एकानें माणसांकडे पाहावयाचें, म्हणजे फाऊल टिपावयाचे. दुसऱ्यानें चेंडूकडे पाहावयाचें, म्हणजे तो कोणाचा व मैदानांत आहे कीं नाहीं हें सांगावयाचें. कामाची वांटणीच अशी, कीं तंट्यास जागा उरूं नये. पुढें खेळ वेगवान झाला, दोघांसही दोन्ही कामें करावीं लागलीं, आणि मतभेदास वाट मिळाली.

लालबाग-परळच्या पालकांस मतभेदाची ही अडचण नवी नाहीं. आपल्या कबड्डींत व खो-खोंत दोन पंच असतात व त्यांवर एक सरपंच. पंचांचें जमलें नाहीं कीं सरपंचाचा शब्द शेवटचा. बास्केटबॉलांत मात्र असा निराळा सरपंच नसतो. मैदानांत धांवणाऱ्या पंचांपैकींच एक मुख्य असतो. म्हणजे जो स्वतः वादांत एक पक्ष आहे, त्यानेंच वाद मिटवावयाचा! खरी कसोटी येथें आहे.

आंतरराष्ट्रीय नियम यावर दोन गोष्टी सांगतात. एका पंचानें आपल्या कामाच्या मर्यादेंत दिलेला निर्णय रद्द करण्याचा अधिकार दुसऱ्यास नाहीं, ही पहिली. मतभेद झाल्यास शेवटचा निर्णय मुख्य पंचानें द्यावा, व त्यापूर्वीं त्यास सहपंचाचा व टेबलाजवळील अधिकाऱ्यांचा सल्ला घेतां येईल, ही दुसरी. या दोहोंत विसंगति दिसते, पण ती खरी नव्हे. मुख्य पंचाचा शेवटचा शब्द हा वाद संपविण्याचा भार आहे. दुसऱ्याचे डोळे मिटविण्याचा हक्क नव्हे.

शाळेच्या सामन्यांत पुष्कळदां मुख्य पंच शिक्षक असतो व सहपंच वरच्या वर्गांतील विद्यार्थी. शिक्षकानें नुसतें पाहिलें कीं मुलाचा वर गेलेला हात खालीं येतो. यास कोणी विनय म्हणतील. आम्ही म्हणणार नाहीं. त्या मुलानें जें जवळून पाहिलें तें त्याच्या भीडेंत बुडालें, आणि एखाद्या खेळाडूच्या नांवावर नाहक फाऊल चढला. पांच फाऊल झाले कीं खेळाडूस बाहेर बसावें लागतें, हें विसरतां कामा नये. म्हणून शिक्षकानें जवळ जाऊन विचारावें, “तूं काय पाहिलेंस?” आणि मुलानें सरांस काय आवडेल तें न सांगतां, आपण काय पाहिलें तेंच सांगावें.

मुळांत दोन शिट्या एकदम वाजल्या तर दोघांनीं हात वर करून क्षणभर थांबावें, एकमेकांकडे पाहावें, व ज्याच्या भागांत तो प्रसंग घडला त्यानेंच पुढची खूण करावी. उलटसुलट खुणा एकदां झाल्या कीं मग मैदानांत दोन निकाल होतात. अमेरिकेंतील हायस्कुलांच्या नियमांत अशा वेळीं दोघांही खेळाडूंवर फाऊल चढतो. ही समान वांटणी दिसावयास गोड, पण तींत एका निरपराध्यास शिक्षा होते. चेंडू रेषेबाहेर कोणाच्या हातून गेला याबद्दल मात्र शंका उरली, तर आळीपाळीनें ताबा देणारा टेबलावरील बाण पाहावा. तेथें कोणावर दोष येत नाहीं.

सल्लामसलतींत वेळ जातो व पंच दुबळा दिसतो, असा आक्षेप येईल. पण चार क्षण थांबून बरोबर सांगणारा पंच दुबळा नव्हे. चुकीस चिकटून राहणारा दुबळा होय.

मैदानाबाहेरील मंडळींसही एक सांगणें आहे. १९७२ सालीं म्यूनिक ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत अमेरिका ५०-४९ अशी पुढें असतां ३ सेकंद उरले होते. खेळ थांबला असतां आंतरराष्ट्रीय संघटनेचे चिटणीस विल्यम जोन्स प्रेक्षकांतून खालीं आले व त्यांनीं घड्याळ पुन्हां ३ सेकंदांवर नेण्यास सांगितलें. नियमांनीं तो अधिकार त्यांस दिलेला नव्हता. सोव्हिएत संघानें ५१-५० असा सामना जिंकला. परंतु पंच रेनातो रिगेतो यांनीं गुणपत्रकावर सही केली नाहीं, आणि अमेरिकन खेळाडूंनीं आपलीं रौप्यपदकें आजतागायत स्वीकारलेलीं नाहींत. जोन्स यांचा हेतु न्याय्य असेलही; पण बाहेरून आलेला निर्णय मानण्यास कोणाचें मन तयार होत नाहीं.

तेव्हां पालकहो, दोन पंच बोलत असतां आपण ओरडूं नये. आणि विद्यार्थीमित्रांनो, पुढें तुमच्या हातीं शिटी आली म्हणजे पाहिलेलें सांगण्याचें धैर्य ठेवा, व दुसऱ्यानें अधिक चांगलें पाहिलें असल्यास आपला हात खालीं घेण्याचेंही.